मुलांच्या वाचनालयासाठी आदिवासी भाषा आणि संस्कृतींवरची पुस्तके निवडताना काय पाहावे?

पुस्तकपेटी (प्रश्न)

नमस्कार. सहा ते तेरा वर्षांच्या मुलांसाठी चालणाऱ्या एका छोट्या वाचनालयाचे काम मी पाहते. जगभरातल्या आदिवासी समाजांची आणि त्यांच्या भाषांची ओळख करून देणारे एक वेगळे कपाट आमच्याकडे आहे. आजवर देणगीत जे आले आणि प्रदर्शनात जे दिसले, ते त्यात लावत गेलो, त्यामुळे निवड अशी कधी झालीच नाही.

गेल्या महिन्यात गोष्टींच्या तासाला मी आर्क्टिक प्रदेशातल्या लोकांवरचे एक सचित्र पुस्तक वाचून दाखवले. छपाई नेटकी होती, चित्रे सुंदर होती आणि मुले शेवटपर्यंत शांत बसली होती. वाचून झाल्यावर आठ वर्षांच्या एका मुलीने विचारले, "ते लोक आता नाहीत का?" तिला असे का वाटले, हे मला क्षणभर कळेना. घरी जाऊन पुस्तक पुन्हा चाळले, तेव्हा लक्षात आले की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकही क्रियापद वर्तमानकाळात नव्हते. ते बर्फाच्या घरात राहत असत, सीलची शिकार करत असत, त्यांची मुले कुत्र्यांच्या गाडीतून फिरत असत. मुलीने पुस्तकात लिहिलेले अगदी बरोबर ऐकले होते.

त्यानंतर मी कपाटातली सगळी पुस्तके काढून बसले. एकूण २२ पुस्तकांपैकी केवळ ४ पुस्तकांत आजची माणसे दिसली, आणि ज्यांच्याविषयी पुस्तक आहे त्यांच्या भाषेतले एखादे पूर्ण वाक्य तर फक्त एका पुस्तकात सापडले. उरलेल्या पुस्तकांपैकी बहुतेक लोककथांची होती. आता कपाट नव्याने लावायचे आहे, म्हणून अनुभवी मंडळींना विचारते आहे. पुस्तक हातात घेतल्यावर तुम्ही सर्वांत आधी काय पाहता? भाषेची ओळख मुलांना कोणत्या मार्गाने करून द्यावी? आणि ज्या इतिहासात लहान मुलांवरच अन्याय झाला, तो इतिहास किती वयाच्या मुलांच्या हाती द्यावा?

नोंदवही

मी बरीच वर्षे शालेय ग्रंथालयात काम केले आहे. तुमच्या वाचकाने विचारलेला प्रश्न हाच माझा पहिला निकष आहे, फक्त तो मला एका मुलीकडून इतक्या नेमक्या शब्दांत ऐकायला मिळाला नव्हता. पुस्तकातली क्रियापदे पाहावीत. इतिहास सांगताना भूतकाळ येणारच, पण ज्या पुस्तकात शाळा, दवाखाना, मोबाइल, निवडणूक यांपैकी काहीच नाही आणि माणसे केवळ सणाच्या पोशाखात उभी आहेत, ते पुस्तक मुलांना जिवंत समाजाऐवजी संग्रहालय दाखवत असते.

दुसरी गोष्ट म्हणजे नाव. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००७ साली आदिवासींच्या हक्कांचा जो जाहीरनामा स्वीकारला, त्याच्या १३व्या कलमात आपला इतिहास, भाषा, मौखिक परंपरा आणि लिपी पुढच्या पिढ्यांना देण्याच्या हक्काबरोबरच आपल्या समाजाचे, गावांचे आणि माणसांचे नाव आपणच ठरवण्याचा हक्कही नोंदवला आहे. मुलांच्या पुस्तकाला हे कलम थेट लागू पडते असे मला वाटते. 'एस्किमो' हे नाव कॅनडात आणि ग्रीनलंडमध्ये अपमानास्पद मानले जाते. तिथले लोक स्वतःला इन्युइट म्हणवतात, ज्याचा अर्थ 'माणसे' असा आहे, आणि एकच माणूस असेल तर त्याला इनुक म्हणतात. उत्तर युरोपातल्या सामी लोकांना पूर्वी 'लॅप' म्हटले जाई, तेही त्यांना नको आहे. अमेरिकेतल्या नवाहो लोकांचे हे नावही बाहेरच्यांनी दिलेले आहे, ते स्वतःला दिने म्हणतात. पुस्तक जुने असेल तर त्यात जुने नाव असणे समजू शकते; परंतु अलीकडे छापलेल्या पुस्तकात तेच नाव कोणत्याही खुलाशाशिवाय आले, तर लेखकाने त्या समाजातल्या कोणालाही काही विचारले नसावे असे मी धरून चालते. ता. क.: इन्युइटांच्या भाषेत 'इग्लू' म्हणजे घर, मग ते बर्फाचे असो, लाकडाचे असो किंवा सिमेंटचे. एवढे एक वाक्य सांगितले, तरी तुमच्या त्या पुस्तकातले अर्धे चित्र सरळ होईल.

कठीण इतिहासाविषयी माझे मत स्पष्ट आहे की तो लपवू नये, मात्र त्याचे दार वयानुसार निवडावे. कॅनडात सरकारच्या पैशांवर आणि चर्चच्या व्यवस्थापनाखाली चाललेल्या निवासी शाळांमध्ये दीड लाखांहून अधिक आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवले गेले आणि स्वतःची भाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा केली गेली. यातली शेवटची शाळा १९९०च्या दशकात बंद झाली. आठ वर्षांच्या मुलाला आकडे आणि अहवाल देऊन उपयोग नाही. परंतु १९७३ साली सहा वर्षांची एक मुलगी आजीने घेतलेला नवा नारिंगी शर्ट घालून अशा शाळेत गेली आणि पहिल्याच दिवशी तो तिच्याकडून काढून घेतला गेला, ही घटना त्या वयाच्या मुलालाही पूर्णपणे समजते. त्याच आठवणीवरून तिथे ३० सप्टेंबरला नारिंगी शर्टाचा दिवस पाळला जातो. लहानांसाठी एक शर्ट, एक नाव, एक हरवलेला शब्द पुरेसा असतो. कायदे आणि कारणे दहा-अकरा वर्षांनंतर यावीत. आणि अशा पुस्तकाच्या शेजारी त्याच समाजाचे एखादे आनंदाचे पुस्तक जरूर ठेवावे, नाहीतर मुलांच्या मनात तो समाज आणि दुःख यांची कायमची गाठ बसते.

अक्षरवेल

भाषेच्या प्रश्नाला मी जरा विस्ताराने उत्तर देते, कारण मी भाषा शिकवते आणि मराठी बोलणाऱ्या मुलांना या बाबतीत एक मोठी सवलत मिळालेली आहे, याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही.

मराठीत 'आम्ही जातो' आणि 'आपण जाऊ' यांत फरक आहे. पहिल्यात ऐकणारा धरलेला नाही, दुसऱ्यात तो धरलेला आहे, आणि चार वर्षांचे मूलही यात चूक करत नाही. इंग्रजीत या दोन्हींसाठी एकच शब्द आहे. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत मात्र हा फरक आपल्यासारखाच आहे आणि शिवाय तो दोघांसाठी वेगळा, अनेकांसाठी वेगळा आहे: 'ताउआ' म्हणजे तू आणि मी दोघे, 'माउआ' म्हणजे मी आणि दुसरे कोणीतरी, पण तू नाहीस, 'तातोउ' म्हणजे तुझ्यासह आपण सगळे, आणि 'मातोउ' म्हणजे तुला सोडून आम्ही सगळे. 'ता'ने सुरू होणाऱ्या शब्दांत ऐकणारा आत आहे, 'मा'ने सुरू होणाऱ्या शब्दांत तो बाहेर आहे. मी हे वर्गात मुलांना गोलात उभे करून शिकवले. ज्याच्याकडे पाहून 'मातोउ' म्हटले जाई, त्याने एक पाऊल मागे जायचे, आणि 'तातोउ' ऐकू आले की परत आत यायचे. दहा मिनिटांत सर्वांना ते कळले, आणि एका मुलाने आपणहून सांगितले की संस्कृतातही दोघांसाठी वेगळे रूप असते, असे त्याची मोठी बहीण घोकत असते. सामी भाषांतही द्विवचन आहे.

इथे पुस्तक निवडण्याचा एक निकष निघतो. आपल्याकडे येणारी अशी पुस्तके बहुधा इंग्रजीवरून मराठीत आलेली असतात. मूळ भाषेत आजोबा नातवाला म्हणतात की ही नदी 'आपली' आहे; इंग्रजीत आल्यावर ती 'आपली' की 'आमची' हे पुसले जाते, आणि मराठी अनुवादकाने मूळ पाहिले नाही, तर तो सहज 'आमची' लिहून टाकतो. मग नातू त्या वाक्यातून बाहेर पडतो. म्हणून अनुवादित पुस्तकात मूळ भाषेचे नाव दिलेले आहे का, आणि अनुवाद कोणत्या भाषेवरून केला हे नोंदवले आहे का, हे मी आवर्जून पाहते.

लिपीच्या अंगानेही आपली मुले लवकर आत शिरतात. कॅनडातल्या क्री भाषेच्या लिपीत व्यंजनासाठी एक आकार असतो आणि तो आकार कोणत्या दिशेला वळवला आहे त्यावरून स्वर ठरतो. 'प'च्या ओळीत दोन तिरक्या रेषांचे एक टोक काढायचे: ते वर असेल तर 'पि', खाली असेल तर 'पे', उजवीकडे असेल तर 'पो' आणि डावीकडे असेल तर 'पा'. आपण काना, मात्रा, वेलांटी जोडतो, ते अक्षरच फिरवतात. बाराखडी येणाऱ्या मुलाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. अमेरिकेतल्या चेरोकी लोकांच्या भाषेची लिपी तर सेकोया या चेरोकी माणसाने स्वतः घडवली, जो कोणतीही दुसरी भाषा वाचू शकत नव्हता. १८२१ साली ती पूर्ण झाली आणि १८२८ साली तिच्यात वर्तमानपत्रही निघू लागले. संथाळीसाठी पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५च्या सुमारास ओल चिकी लिपी तयार केली आणि २००३च्या घटनादुरुस्तीने संथाळी आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली. लिपी ही कोणीतरी विचार करून, खपून घडवलेली वस्तू असते, हे मुलांना अशा पुस्तकांतून कळते.

आणखी एक सुचवते. काजू आणि अननस हे शब्द ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी भाषांतून, आणि बटाटा हा शब्द कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो भाषेतून, पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडे आला. कांगारू हा शब्द ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या गुगु यिमिथिर भाषेतला असून १७७० साली जेम्स कुक यांच्या जहाजावरच्या लोकांनी तो टिपून घेतला. कपाटाच्या दारावर अशा शब्दांची एक पाटी लावा आणि प्रत्येक शब्दापुढे त्याच्या मूळ भाषेचे नाव लिहा.

कोरकूभाषी

वरची दोन्ही उत्तरे मनापासून लिहिलेली आहेत आणि मी त्यांतून शिकलो. तरीही थोडे वेगळे सांगायचे आहे.

माझ्या घरी कोरकू बोलली जाते. कोरकू या नावाचा अर्थही 'माणसे' असाच आहे, त्यातला 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय आहे. ही भाषा मराठीच्या शेजारी राहत असली, तरी तिचे कुळ वेगळे आहे. ती मुंडा गटातली आहे आणि तिचे नाते संथाळी, मुंडारी या भाषांशी आहे. अक्षरवेल यांनी माओरीबद्दल सांगितलेले द्विवचन आणि 'आपण-आम्ही'चा भेद हे दोन्ही कोरकूतही आहेत. मी शाळेत असताना हे मला कोणी सांगितले असते, तर माझी भाषा म्हणजे अशुद्ध मराठी आहे, असे मी कितीतरी वर्षे मानत राहिलो नसतो.

म्हणूनच मला थोडी काळजी वाटते. भाषा मुलांसमोर केवळ नवलाच्या वस्तूंसारखी मांडली, म्हणजे हा शब्द गमतीचा, ती लिपी फिरणारी, तर मुले ते लक्षात ठेवतील आणि ती भाषा बोलणारा मुलगा वर्गात शेजारी बसला असेल तर त्याला शब्द म्हणून दाखवायला सांगतील. माझ्यावर ही वेळ आलेली आहे. भाषेत लोक भांडतात, हिशेब करतात, तापाने फणफणलेल्या मुलाला औषध पाजतात. पुस्तकात हे रोजचे बोलणे आहे का, ते पाहा.

लोककथांच्या पुस्तकांत मी एकच पान आधी उघडतो. गोष्टीच्या शीर्षकाखाली कधी 'एक आदिवासी लोककथा' एवढेच लिहिलेले असते. कोणत्या लोकांची, कोणत्या भाषेत सांगितलेली, कोणी सांगितलेली, याचा पत्ता नसतो. मात्र शब्दांकन करणाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर ठळक असते. माझ्या आजीने सांगितलेली गोष्ट अशी छापली गेली, तर तिला ती ओळखू येईल, पण त्या पुस्तकात ती स्वतः कुठेही सापडणार नाही. ज्या पुस्तकात सांगणाऱ्याचे नाव, गाव आणि भाषा नोंदवलेली आहे, ते चित्रांनी साधे असले तरी मी आधी घेईन.

द्विभाषिक पुस्तकांत अक्षरांचा आकारही पाहावा. पुष्कळदा मराठी किंवा इंग्रजी मजकूर मोठ्या टाइपात वर असतो आणि आमची भाषा खाली, बारीक, तिरप्या अक्षरांत असते, जणू ती तळटीप आहे. जपानमधल्या चिरी युकिए या ऐनू मुलीने आपल्या समाजाची गाणी लिहून काढली, तेव्हा ऐनू भाषा रोमन लिपीत आणि तिच्यासमोर जपानी अनुवाद अशी बरोबरीची रचना ठेवली. ती १९२२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी गेली आणि पुस्तक पुढच्या वर्षी निघाले. शंभर वर्षांपूर्वी तिला जे सुचले, ते आज छापणाऱ्यांना कठीण जायला नको.

आता एक चांगला अनुभव. कोरकू देवनागरीत लिहिली जाते, त्यामुळे मराठी येणारा कोणीही अर्थ कळला नाही तरी ते पान मोठ्याने वाचू शकतो. माझ्या ओळखीच्या एका ग्रंथपाल बाईंनी मुलांसमोर असे एक पान वाचायला घेतले. तिसऱ्या ओळीला मागे बसलेली एक मुलगी, जी तोवर कोणाशी फारशी बोलत नसे, हळू आवाजात म्हणाली, "असे नाही म्हणत." बाई थांबल्या आणि त्यांनी तिला पुढे बोलावून पुस्तक तिच्या हातात दिले. तिने एक-एक ओळ वाचायची आणि बाईंनी इतर मुलांसोबत मागून म्हणायची, असे उरलेले पान पार पडले. त्या दिवशी भाषेची माहिती कोणी दिली नाही, पण भाषा कोणाची आहे हे सगळ्यांना कळले. माझ्या मते कपाटातले निदान एक तरी पुस्तक असे असावे, जे वाचून दाखवताना ग्रंथपालाला चुकावे लागेल.

सूचीकार

निवडीविषयी वर पुरेसे आले आहे, म्हणून मी मांडणीपुरते बोलतो. ग्रंथालयात पुस्तकांना विषयानुसार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत लोककथा ३९८.२ला जातात आणि उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींवरची पुष्कळ पुस्तके ९७० या इतिहासाच्या वर्गात जातात, मग ती आजच्या मुलांविषयी का असेनात. पुस्तकपेटी यांनी क्रियापदांत पाहिलेला भूतकाळ असा पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीतही शिरतो. कॅनडातल्या मोहॉक या आदिवासी समाजातले ग्रंथपाल ब्रायन डिअर यांनी १९७०च्या दशकात आदिवासींच्या दृष्टीने वेगळी वर्गीकरण पद्धत तयार केली, आणि ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या एका ग्रंथालयात तिचे सुधारित रूप वापरले जाते. न्यूझीलंडमध्ये माओरी भाषेतल्या विषयशीर्षकांची स्वतंत्र यादी आहे. छोट्या वाचनालयाला नवी पद्धत घडवण्याची गरज नाही, परंतु वेगळे कपाट ठेवण्याचा मात्र तुम्ही फेरविचार करावा असे मला वाटते. आकाशातल्या ताऱ्यांवरचे माओरी पुस्तक खगोलाच्या पुस्तकांत, सामी मुलाच्या रेनडिअरवरचे पुस्तक प्राण्यांच्या पुस्तकांत लावले आणि सूचीत भाषेच्या नावाने दुसरी नोंद केली, तर ते योगायोगानेही मुलांच्या हाती लागेल.

एक सूचना वाचून दाखवण्याबाबत. सगळ्याच गोष्टी केव्हाही सांगण्यासाठी नसतात. दिने लोकांमध्ये कोयोटी या लांडग्यासारख्या प्राण्याच्या गोष्टी हिवाळ्यातच सांगायचा दंडक आहे. ऑस्ट्रेलियातल्या अनेक समाजांमध्ये मृत व्यक्तीचे नाव घेणे किंवा चित्र दाखवणे दुःखदायक मानले जाते, म्हणून तिथल्या पुस्तकांत सुरुवातीला तशी सूचना छापलेली असते. ती सूचना गाळून पुढे जाऊ नये, मुलांना वाचून दाखवावी. गोष्टीलाही मालक आणि वेळ असू शकते, हे त्यांना त्यातून समजते.

पुस्तकपेटी

सर्वांचे आभार. उत्तरे वाचून काही गोष्टी ठरवल्या आहेत. आर्क्टिकवरचे ते पुस्तक मी काढून टाकणार नाही; त्याच मुलीला सोबत घेऊन मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवणार आहे, ज्यात 'इग्लू'चा खरा अर्थ आणि ते लोक आज कुठे राहतात हे तिच्या अक्षरात लिहिलेले असेल. ज्या लोककथांच्या पुस्तकांत समाजाचे नावच नाही, त्यांच्या प्रकाशकांना पत्र लिहून ती माहिती मागवेन. वेगळे कपाट मोडण्याबद्दल माझे मन अजून तयार नाही, कारण कपाट नसते तर २२ पैकी ४ ही गोष्टच माझ्या नजरेला आली नसती. तूर्त दुहेरी नोंदी करून पाहते.

कोरकूभाषी, तुम्हाला एक विनंती आहे. ज्या पुस्तकांत तुमची भाषा वर आणि मोठ्या अक्षरांत छापलेली आहे, अशी पुस्तके तुमच्या पाहण्यात असतील तर त्यांची नावे इथे द्यावीत. त्यांतले एक मी स्वतः वाचून दाखवायला घेईन. आमच्या मुलांत कोरकू बोलणारे सध्या कोणी नाही, त्यामुळे माझ्या चुका दुरुस्त करणारे कोणी नसेल. सोयीच्या एखाद्या दिवशी फोनवरून तुम्ही ऐकाल का?